ट्रॅक्टर चिखलात उतरवण्याआधी
घरच्या घरी करायची देखभाल आणि सोप्या सुधारणा



मृग लागला की आपल्या सगळ्यांची नजर आभाळाकडे लागते. शेडमध्ये उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे मात्र कुणी बघत नाही. पाऊस पडतो, वाफसा येतो, पेरणीची घाई सुटते आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही. मेकॅनिककडे जावं तर त्याच्या दारात आधीच गर्दी. काळ्या रानातला वाफसा काही आपल्यासाठी थांबत नाही. एकदा रान वाळून कडक झालं की पुढच्या पावसापर्यंत हात चोळत बसावं लागतं.

म्हणून पाऊस पडायच्या आधी एक दिवस ट्रॅक्टरसाठी काढावा. रेडिओवर ही माहिती थोडक्यात सांगितली होती. कानानं ऐकलेलं चार दिवसांत विसरतं, म्हणून तीच माहिती जरा विस्ताराने इथे दिली आहे. खाली सांगितलेली बहुतेक कामं पाना, पक्कड, ग्रीसगन आणि स्वच्छ कापड एवढ्या सामानावर घरीच होतात. प्रत्येक कामाआधी ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करावा, इंजिन बंद करावे, अवजार जमिनीवर टेकवावे, हॅन्डब्रेक ओढावा आणि चाकाला दगड लावावा.

१. आधी हवा, मग बाकीचं

ट्रॅक्टर डिझेलवर चालतो हे सगळ्यांना ठाऊक. पण तो डिझेलपेक्षा कितीतरी पट हवा पितो. अडीच लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर ते दर मिनिटाला सुमारे दोन हजार लिटर हवा आत ओढते. उन्हाळी नांगरटीत किंवा रोटाव्हेटर मारताना या हवेत किती धूळ असते ते आपण नाकातोंडावर बघतोच. मातीचा कण लोखंडावर घासला की कानशीसारखं काम करतो. ही धूळ एअर क्लीनर चुकवून आत गेली तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजतात. मग इंजिन तेल खाऊ लागतं, धूर सोडतं, ताकद कमी होते. एअर क्लीनरच्या वाटीत वेळेवर तेल न बदलल्यामुळे हजारो रुपयांचं इंजिनकाम निघाल्याची उदाहरणं मी दर वर्षी बघतो.

तेलाचा एअर क्लीनर असेल तर: धुळीच्या कामात रोज संध्याकाळी खालची वाटी उघडून पहावी. तळाशी बोटाच्या रुंदीइतका गाळ बसला असेल किंवा तेल घट्ट झालं असेल, तर वाटी डिझेलने धुऊन कोरडी करावी आणि नवे तेल बरोबर खुणेपर्यंत भरावे. खुणेच्या वर भरू नये. जादा तेल इंजिनात ओढलं जातं आणि इंजिन आवरेनासं होऊन सुसाट पळू शकतं.

कोरडा फिल्टर असेल तर: तो दगडावर किंवा टायरवर आपटू नये. कागदाला बारीक भेग पडते, ती डोळ्याला दिसत नाही, पण धुळीला दिसते. कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर झटकावा. आतला छोटा फिल्टर साफ करू नये, तो पुस्तिकेत सांगितलेल्या वेळी बदलावा.

आता एक सोपी परीक्षा. इंजिन मंद चालू ठेवा. वरची टोपी काढून हवेच्या नळीच्या तोंडावर सपाट लाकडी फळी दाबून धरा. हात लावू नका. इंजिन धडपडून बंद पडलं पाहिजे. ते चालूच राहिलं तर समजा, की रबरी नळीला भेग आहे किंवा क्लिप सैल आहे आणि हवा चोरवाटेने, न गाळता आत जाते आहे.

२. डिझेल आणि पाणी

पावसाळ्यात अर्धी टाकी रात्रभर ठेवली तर आतल्या हवेतला ओलावा थंडाव्याने टाकीच्या पत्र्यावर जमतो आणि ते पाणी डिझेलखाली बसतं. म्हणून संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी. बॅरलमधून डिझेल घेताना बॅरल हलवू नये, तळाचं डिझेल ट्रॅक्टरला घालू नये. फिल्टरच्या तळाचा स्क्रू आठवड्यातून एकदा सैल करून साचलेलं पाणी काढून टाकावं.

टाकी रिकामी झाली की डिझेलच्या नळीत हवा शिरते आणि मग स्टार्टर कितीही मारला तरी इंजिन लागत नाही, उलट बॅटरी उतरते. अशा वेळी फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि हाताने फीड पंपाचा खटका मारत रहा. आधी बुडबुडे येतील, मग निखळ डिझेल येईल. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा. त्यानंतर हीच कृती पंपावरच्या स्क्रूला करा. काम करताना तोंडात विडी नको, हे सांगायला नकोच.

३. तेल, पाणी, बॅटरी

इंजिन तेल रोज सकाळी सुरू करण्याआधी पट्टी पुसून पहावे. काळं तेल बघून घाबरू नये, डिझेल इंजिनाचं तेल काळं होतंच. पण तेल दुधाळ किंवा राखाडी दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे. मग इंजिन अजिबात सुरू करू नये, मेकॅनिकला बोलवावे. तेल किती तासांनी बदलायचं ते आपल्या पुस्तिकेत दिलेलं असतं, बऱ्याच ट्रॅक्टरांना ते २५० तास असतं. काढलेलं तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात साठवून भंगार तेल घेणाऱ्याला द्या.

रेडिएटरच्या जाळीत भुसा आणि गवताचं बी अडकतं. मळणीच्या दिवसांत जाळी रोज मागून पुढे झटकावी. पंख्याचा पट्टा अंगठ्याने मध्यभागी दाबला तर साधारण एक ते दीड सेंटीमीटर दबावा.

इथे माझीच एक चूक सांगतो. कृषी महाविद्यालयात शिकत असताना सुट्टीत घरी ट्रॅक्टर चालवत होतो. इंजिन तापलं, काटा लाल खुणेवर गेला. मी शहाणपणा करून विहिरीचं गार पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. हेडला तडा गेला. त्या हंगामात वडिलांना पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने करावी लागली. तुम्ही हे करू नका. इंजिन तापलं तर काम थांबवावं, भार काढून ते थोडा वेळ मंद चालू द्यावं, मग बंद करून पूर्ण निवू द्यावं. टोपी गरम असताना उघडू नये, उकळतं पाणी तोंडावर येतं.

बॅटरीतलं पाणी पट्ट्यांच्या वर साधारण एक सेंटीमीटर असावं. फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरावं. टोकांवर पांढरट-हिरवट बुरशी आली तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, कोरडी करून व्हॅसलीन लावावं. तार काढताना आधी ऋण टोक काढावं आणि जोडताना ते शेवटी जोडावं. चार्जिंग होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. काडी पेटवून पाणी बघण्याची सवय कुणाला असेल तर ती आजच सोडा.

४. टायर, वजन आणि घसर

चिखलात ट्रॅक्टरची खरी ताकद इंजिनात नसते, ती मागच्या चाकांच्या पकडीत असते. चाक जागच्या जागी फिरलं की डिझेलही जातं आणि टायरही.

घसर किती होते ते घरीच मोजा. मागच्या चाकावर खडूने खूण करा. ट्रॅक्टर शेतात अवजार उचलून चालवा आणि चाकाचे १० फेरे होईपर्यंतचं अंतर मोजा. समजा ४० मीटर भरलं. आता अवजार जमिनीत घालून, त्याच गिअरमध्ये, पुन्हा १० फेरे मोजा. समजा ३४ मीटर भरलं. म्हणजे ४० मीटरमागे ६ मीटर गेले, घसर झाली १५ टक्के. १० ते १५ टक्के घसर ठीक आहे. ३४ ऐवजी २८ मीटरच भरलं तर घसर ३० टक्के झाली. याचा अर्थ, चाकाच्या दर दहा फेऱ्यांतले तीन फुकट गेले. अशा वेळी वजन वाढवावं किंवा नांगराची खोली कमी करावी. घसर पाच-सात टक्क्यांच्या आत असेल तर उलट वजन जास्त झालं आहे. फुकटचं ओझं वाहतो आहोत आणि जमीन दाबतो आहोत.

वजन वाढवण्याचा स्वस्त उपाय म्हणजे टायरमध्ये पाणी भरणं. चाक जॅकवर थोडं उचलून खाली भक्कम ठोकळा द्यावा. व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणावा, आतली पिन काढावी, नळीने पाणी सोडावं आणि मधूनमधून नळी काढून आतली हवा बाहेर जाऊ द्यावी. व्हॉल्व्हच्या पातळीला पाणी आलं की टायर सुमारे ७५ टक्के भरला. मग पिन बसवून हवा भरावी. मापाप्रमाणे एका टायरमध्ये दीडशे ते दोनशे लिटर पाणी बसतं, म्हणजे तेवढेच किलो वजन वाढलं. दोन्ही चाकांत सारखं पाणी भरावं.

हवेचा दाब पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. शेतकामासाठी मागच्या टायरात साधारण १२ ते १४ पौंड चालते, ट्रॉली ओढताना जास्त लागते. दाब मापकानेच पहावा, लाथ मारून कळत नाही.

आणखी एक गोष्ट. टायर काढून बसवताना डावा-उजवा बदलला की नक्षी उलटी होते. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून बघा. नक्षी घराच्या आढ्यासारखी, टोक वर करून दिसली पाहिजे. उलटी असेल तर चिखल बाहेर फेकला न जाता नक्षीतच भरतो.

५. डिफरन्शियल लॉक

वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी. ही सोय डिफरन्शियल करतो. पण त्यामुळेच एक चाक चिखलात गेलं की तेच गरगर फिरतं आणि कोरड्यातलं चाक उभं राहतं. लॉकचं पेडल दाबलं की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. नियम तीन आहेत. चाक गरगरत असताना लॉक लावू नये, आधी क्लच दाबून चाक थांबवावं. लॉक लावून फक्त सरळ जावं. अडचणीतून बाहेर पडल्याबरोबर तो सोडावा. लॉक लावून वळलात तर आतले गिअर तुटतात, आणि रस्त्यावर ट्रॅक्टर वळतच नाही.

चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर असेल तर पुढचा जोर शेतातच लावावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो काढून टाकावा, नाहीतर पुढचे टायर आणि गिअर दोन्ही झिजतात.

६. ट्रॅक्टर रुतला तर

हा भाग घरातल्या तरुण पोरांना मुद्दाम वाचून दाखवा.

माझ्या कामाच्या भागातल्या एका गावी भाताच्या खाचरात ट्रॅक्टर रुतला होता. चालवणारा विशीतला मुलगा. चुलत्यांनी मागच्या दोन्ही चाकांना पुढून बाभळीचा ओंडका साखळीने बांधला. ‘चाक ओंडक्यावर चढेल आणि निघेल,’ असा हिशेब. मुलाने पहिला गिअर टाकला, रेस केली, क्लच सोडला. चाक फिरलं नाही. ट्रॅक्टरचं तोंड मात्र हवेत उठलं. मुलाचा पाय अजून क्लचवर होता, त्याने तो दाबला आणि तोंड धाडकन खाली आलं. मी बांधावर उभा होतो. चुलते खाली बसले, त्यांना दहा मिनिटं बोलता आलं नाही.

असं का होतं ते समजून घ्या. इंजिनाचा जोर चाक फिरवायला बघतो. चाक अडलं की तोच जोर आसाभोवती ट्रॅक्टरचं अंग फिरवतो, म्हणजे तोंड वर उचलतो. तोंड उचलल्यापासून ट्रॅक्टर पाठीवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद लागतो. त्यातल्या पहिल्या एक सेकंदाच्या आतच अशी वेळ येते, की त्यानंतर क्लच दाबून काही उपयोग होत नाही. उडी मारायला वेळच नसतो.

तेव्हा रुतल्यावर असं करावं:

• चाक फिरवत राहू नये. जेवढं फिरेल तेवढं खोल जाईल.
• ट्रॉली किंवा अवजार सोडवावं.
• फावड्याने चाकापुढचा आणि मागचा चिखल काढावा. उतार करून त्यावर मुरूम, विटांचे तुकडे, तुराट्या किंवा पऱ्हाट्या पसराव्यात.
• शक्यतो रिव्हर्स गिअरने बाहेर काढावा. मागे जाताना जोर तोंड खाली दाबतो, उलटण्याची भीती कमी असते. क्लच सावकाश सोडावा, रेस कमी ठेवावी.
• तरीही निघाला नाही तर दुसरा ट्रॅक्टर आणावा. भक्कम आणि लांब वायररोप घ्यावा. ओढणाऱ्या ट्रॅक्टरला तो ड्रॉबारलाच बांधावा. टॉप लिंकला, सीटखाली किंवा आसाच्या वर कधीही बांधू नये. दोर जेवढा उंच, तेवढा ओढणारा ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका जास्त.
• झटका देऊ नये, दोर ताणून मग हळूहळू ओढावं. बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षाही लांब उभं करावं. तुटलेला दोर माणूस कापतो.
• चाकाला ओंडका, पहार किंवा साखळी बांधू नये. एकदाही नाही.

हाच नियम नाल्यातून वर चढताना. उभा चढ असेल तर सरळ तोंडाने चढू नये, रिव्हर्सने चढावं किंवा दुसरी वाट धरावी.

चिखलातून आल्यावर त्याच संध्याकाळी पुढच्या आसाच्या आणि चाकांच्या ग्रीस निपलांना ग्रीस द्यावं. आतला चिखल बाहेर येऊन नवं ग्रीस दिसेपर्यंत गन मारावी. पाण्याने धुताना इंजिन निवलेलं असावं, आणि पाण्याची धार स्टार्टर, डायनामो व हवेच्या नळीवर मारू नये. ब्रेक तेलातले नसतील तर ते भिजून लागत नाहीत. मोकळ्या जागेत मंद चालवत हलके दाबून वाळवावेत.

७. घरी करण्याजोग्या सुधारणा

पी.टी.ओ. चं झाकण: पी.टी.ओ. चा दांडा मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, ओढणी किंवा सैल बाही अडकली तर माणूस ओरडेपर्यंत गुंडाळला जातो. मूळ झाकण तुटलं असेल तर नवीन बसवून घ्या. दुरुस्ती इंजिन बंद करूनच.

ट्रॉलीला चमकपट्ट्या: मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. उसाच्या हंगामात रात्री उभ्या असलेल्या बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मोटारसायकली आदळतात. चमकपट्टी कमी पैशात येते, दुसऱ्याचा जीव परत येत नाही. चिखल बसला की पट्टी पुसायला विसरू नका.

हूकची पिन: सळईचा तुकडा नको. योग्य मापाची पोलादी पिन, तिला खालून खटक्याची क्लिप, आणि जोडीला एक सुटी साखळी.

ब्रेकची पट्टी: रस्त्यावर दोन्ही पेडलं पट्टीने जोडावीत. मोकळ्या मैदानात सावकाश चालवून ब्रेक मारा. दोन्ही चाकांचे ओरखडे सारखे उमटले नाहीत तर ब्रेक समान करून घ्या.

पेटी: वायररोप, लाकडी ठोकळे दोन, फावडं, पाना-पक्कड, फ्यूज, पंख्याचा जादा पट्टा, बॅटरी आणि एक लाल फडकं.

८. या ‘सुधारणा’ करू नयेत

पंपाचं सील तोडून डिझेल वाढवणे, स्टार्टरला पाना लावून जमिनीवरून सुरू करणे, मडगार्डवर बसायला वेल्डिंगने पाइप लावणे, पिंजऱ्याची लोखंडी चाकं लावून डांबरी रस्त्यावर जाणे. यांतल्या दुसऱ्या गोष्टीने माणसं स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली गेली आहेत, कारण गिअर पडलेला होता हे त्यांना ठाऊक नव्हतं. उलटल्यावर वाचवणारी चौकटही गावच्या वेल्डरकडून करू नये. ती तपासलेली, कंपनीची असावी आणि तिच्याबरोबर पट्टा बांधावा. उन्हाचं छत म्हणजे ती चौकट नव्हे.

९. श्रोत्यांचे दोन प्रश्न

प्रश्न: टायरमध्ये पाणी भरलं तर रस्त्यावर चालेल का?
उत्तर: चालेल, पण वेग कमी ठेवावा. थांबायला अंतर जास्त लागतं. टायर काढताना मात्र आधी पाणी काढावं, नाहीतर चाक अंगावर पडून हातपाय मोडेल.

प्रश्न: ही कामं नीट शिकायची कुठे?
उत्तर: मध्य प्रदेशात बुधनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था आहे. जवळ शिकायचं तर आपल्या कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. घरातल्या मुलालाच नव्हे, ट्रॅक्टर चालवणाऱ्या गड्यालाही पाठवा. आणि मुलीला शिकायचं असेल तर तिलाही.

बंधू-भगिनींनो, बैल आजारी पडला तर तो वैरण सोडतो, मान टाकतो, आपल्याला कळतं. ट्रॅक्टरही सांगतो, धुराने, आवाजाने, तेलाच्या रंगाने. ते रोज सकाळी पाच मिनिटं ऐकायचं. ही पत्रिका शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवा, आणि सहावा भाग पोरांकडून पाठ करून घ्या.